मोरोक्कोहून काय आणावं? फेस ते मराकेश, हातात घेऊन पारखायच्या वस्तू

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही दोघं नोव्हेंबरात कासाब्लांका, फेस, मेरझूगाचं वाळवंट आणि मराकेश असं करून येणार, खरेदीला साधारण चाळीस हजार रुपये बाजूला ठेवलेत, घरासाठी एक चांगली वस्तू हवी आहे, सासूबाई आणि बहिणीसाठी काहीतरी, आणि ऑफिसमधल्या दहा-बारा जणांना छोटं काहीतरी. सासूबाईंना गाईचं चामडं चालत नाही. आणि एका नातेवाइकांनी सांगितलंय की तिथे सगळा चायना माल असतो, काही घेऊच नका.

मी मोरोक्कोतून कापड, गालिचे आणि घरसजावटीचा माल निवडून आणायचं काम बरीच वर्षं करते, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते. तुम्ही "काय आणू" असं विचारलंय, पण खरी अडचण वेगळी आहे असं मला वाटतं. मराकेशच्या बाजारात एका गल्लीत दोनशे वस्तू एकदम अंगावर येतात, सगळ्या सुंदर दिसतात, आणि हाताने केलेली कुठली नि कारखान्यातून आलेली कुठली ते कळत नाही. म्हणून घाबरून माणूस एकतर काहीच घेत नाही, नाहीतर शेवटच्या संध्याकाळी फ्रिज मॅग्नेट आणि स्कार्फ उचलून येतो. तुमच्या नातेवाइकांचं अर्धं बरोबर आहे. मशीनचे गालिचे, छापील वाट्या, चीनमधून आणि आपल्याकडूनही गेलेले स्कार्फ तिथे भरपूर विकले जातात. पण त्याच गल्लीत पाठीमागच्या खोलीत कारागीर बसलेला असतो. तेव्हा माझं सांगणं एवढंच की प्रत्येक वस्तूचं गाव वेगळं आहे, शक्यतो ती बनते तिथे, बनताना बघून घ्या, आणि घेण्याआधी उलटी करून बघा.

आता यातलं बरंचसं तुमचं घर कसं आहे, बॅगेत जागा किती आहे, तुम्ही मुंबई-कोकण पट्ट्यात राहता की कोरड्या हवेत, यावर अवलंबून आहे. तुम्ही ठाण्याला राहता असं लिहिलंय, ते महत्त्वाचं आहे, पुढे सांगते.

फेसपासून सुरू करू, कारण तुमच्या वाटेवर खरेदीला सगळ्यात चांगलं शहर तेच आहे. मदिनामध्ये, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरात, कराविय्यीन विद्यापीठाच्या ग्रंथालयाला लागून सेफारीन नावाचा चौक आहे, तिथे तांब्या-पितळेचे कारागीर उघड्यावर बसून भांडी ठोकत असतात. पुण्याच्या तांबट आळीतून कधी गेला असाल तर तो आवाज लांबूनच ओळखीचा वाटेल. लग्नकार्याच्या स्वयंपाकासाठी भाड्याने देतात ते अवाढव्य हंडे तिथेच बनतात. तुम्हाला हंडा नकोय, पण छोटी किटली, तांब्याची वाटी किंवा साखरेचा डबा तिथून घ्या असं मी आवर्जून सांगेन. बघायचं काय, तर भांडं उजेडाकडे तिरपं धरून ठोक्यांच्या खुणा बघा, हाताचे ठोके ओळीत असतात पण एकसारखे कधीच नसतात, मशीनने उठवलेली नक्षी मात्र दर इंचाला तंतोतंत तशीच येते. मग आत बघा. खायच्या-प्यायच्या तांब्याच्या भांड्याला आतून कल्हई हवीच, आणि ती तळाच्या कोपऱ्यांपर्यंत, तोटीच्या तोंडाशीसुद्धा पोचलेली हवी. कल्हई नसेल तर ते भांडं शोभेचं समजून शोभेच्या भावाने घ्या. पुदिन्याच्या चहाची किटली घेत असाल तर दुकानदाराकडे पाणी मागून एकदा ओतून बघा, ते लोक चहा हातभर उंचावरून ओततात त्यामुळे चांगल्या किटलीची धार सरळ पडते आणि थांबल्यावर तोटीवरून ओघळ येत नाही. झाकणाची बिजागरी डळमळीत असेल आणि मुठीचा सांधा खडबडीत असेल तर दुसरी बघा. हे सगळं करताना दुकानदार चिडत नाही, उलट गिऱ्हाईक जाणकार आहे हे कळल्यावर आतली चांगली वस्तू बाहेर येते, हा माझा कायमचा अनुभव आहे.

सोबतचे रंगीत काचेचे पेले मशीनचेच असतात. त्यात वाईट काही नाही, दिसायला छान आहेत, फक्त "हातकाम" म्हणून जास्त पैसे देऊ नका आणि आणताना प्रत्येक पेल्यात मोजे कोंबा.

फेसचंच दुसरं नाव म्हणजे निळी-पांढरी मातीची भांडी. मदिनाबाहेर कुंभारांचे कारखाने आहेत, गाइड तिकडे नेतोच, आणि जाण्यासारखं आहे कारण चाकापासून रंगवणाऱ्या बाईपर्यंत सगळं दिसतं. फेसची माती भाजल्यावर पांढुरकी होते, अटलांटिक किनाऱ्यावरच्या साफी गावची लालसर असते, म्हणून "फेसचं आहे" म्हणून दाखवलेली ताटली उलटी करायची आणि बुडाची जिथे झिलई नसते ती कड बघायची. रंगवलेल्या रेघा जवळून बघा, ब्रशची रेघ सुरुवातीला जाड आणि शेवटी बारीक होत जाते, छापील रेघेचे बारीक ठिपके दिसतात. बोटाने टिचकी मारा, खणखणीत वाजलं तर घ्या, बद्द वाजलं तर कुठेतरी तडा आहे. दक्षिणेला तामग्रूट गावची हिरवी भांडी पण फार देखणी असतात, वाकडीतिकडी, कुठे गडद कुठे फिकी, ती तुम्हाला मराकेशमध्ये मिळतील.

इथे एक गंभीर गोष्ट. पारंपरिक झिलईत शिसं असू शकतं आणि ते आंबट पदार्थात उतरतं. आपल्या जेवणात चिंच, कोकम, ताक, लोणचं रोजचं, तेव्हा ही भांडी भिंतीवर लावायला, फळं ठेवायला, सुका मेवा ठेवायला वापरा, आमटी-सोलकढीला नको. ताजीन, म्हणजे उंच टोकदार झाकणाचं तिथलं मातीचं भांडं, आणून त्यात खरंच शिजवायचं असेल तर नक्षीवालं सोडून द्या आणि बाजारात तिथल्या बायका घेतात तसलं बिनझिलईचं साधं मातीचं घ्या, ते खूप स्वस्तही असतं. घरी आल्यावर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचं, मग मंद आचेवर, खाली जाळी किंवा तवा ठेवून. इंडक्शनवर चालणार नाही. पण ते जड आहे आणि फुटतं, म्हणून मी स्वतः आणायला सांगते ते फक्त ज्यांना स्वयंपाकाचं वेड आहे त्यांनाच.

चामडं. फेसमध्ये शुआराचे कातडी कमावण्याचे हौद गच्चीवरून बघायला सगळेच जातात, नाकाला लावायला पुदिन्याच्या काड्या देतात कारण चुना आणि कबुतराच्या विष्ठेत कातडी भिजत असते. बघा जरूर. पण ज्या दुकानाच्या गच्चीवरून बघता तिथेच भाव सगळ्यात चढे असतात, गाइडचं कमिशन त्यात असतं, त्यामुळे तिथे माल बघा, शिका, आणि खरेदी दोन गल्ल्या सोडून करा. बाबूश म्हणजे ती मागून उघडी सपाता, हीच मला भेट द्यायला सगळ्यात आवडणारी वस्तू. हलकी, चपटी, न फुटणारी, आणि घरात घालायला एकदम मऊ. पुरुषांची पारंपरिक पिवळी असते. पारख अशी करा की पांढरा रुमाल थोडा ओला करून आतून घासा, रंग भरपूर उतरला तर पायालाही लागेल. तळवा वाकवून कड बघा, शिवण दिसायला हवी, नुसता गोंद असेल तर पहिल्याच पावसाळ्यात तोंड वासतो. आतलं अस्तर नखाने हळूच ओरखडा, रेक्झिन लगेच कळतं.

सासूबाईंच्या बाबतीत मात्र नीट लक्ष द्या. बाबूशचा वरचा भाग बहुतेक बकरीच्या चामड्याचा असतो, विकणारा खरं सांगत असतो की "शेव्र", म्हणजे बकरी. पण तळवा मात्र बऱ्याचदा गाईच्या जाड चामड्याचा असतो आणि हे कुणी विचारल्याशिवाय सांगत नाही. तेव्हा वरचा भाग बकरीचा आणि तळ रबरी अशी जोडी मागा, ती सर्रास मिळते. तरीही मनात शंका राहणार असेल तर त्यांच्यासाठी चामडं सोडाच. मेरझूगाहून मराकेशकडे येताना दादेसच्या बाजूला कलात मगूना गाव लागतं, तिथे गुलाबाची शेती आहे, मे महिन्यात फुलं खुडतात आणि गुलाबपाणी वर्षभर मिळतं. देवघरात, सरबतात, चेहऱ्याला, कशालाही चालेल अशी भेट आहे. फक्त बाटलीवर घटक वाचून घ्या, नुसतं पाणी आणि सुगंधी द्रव्य असलेल्या बाटल्याही त्याच फळीवर असतात.

चामड्याची अजून एक वस्तू म्हणजे पूफ, बसायची गोल गादी. ती रिकामीच विकत मिळते, घडी करून बॅगेच्या तळाशी जाते, आणि घरी आल्यावर जुन्या साड्या, चादरी, फाटके टॉवेल भरले की घट्ट बसते. पण ठाण्याच्या पावसाळ्यात चामड्याला बुरशी येते हे गृहीत धरा. जूनच्या आधी पुसून, वारा लागेल अशा ठिकाणी ठेवावी लागते. नव्या चामड्याचा वासही काही आठवडे राहतो, सावलीत वाऱ्यावर टांगल्यावर जातो, उन्हात टाकू नका, कडक होतं.

आता गालिचा, कारण "घरासाठी एक चांगली वस्तू" म्हटल्यावर सगळे तुम्हाला इकडेच ढकलणार. मिंट टी येणार, दोन पोरं एकेक गालिचा हवेत उडवून तुमच्या पायाशी पसरणार, आणि चाळीसाव्या गालिच्याला तुम्हाला ओशाळल्यासारखं होणार. होऊ देऊ नका, चहा प्यायला म्हणून घ्यावंच लागतं असं काही नाही, ते त्यांचं रोजचं काम आहे. मधल्या अ‍ॅटलासमधले बेनी उरैन, म्हणजे दाट मऊ सायीच्या रंगाचे आणि त्यावर काळ्या-तपकिरी रेघांचे चौकटीचे नमुने, हे जगभर प्रसिद्ध आहेत आणि म्हणूनच सगळ्यात जास्त नक्कल त्यांचीच होते. पण ते थंडीच्या डोंगरातले जाड लोकरीचे गालिचे आहेत. ठाण्याच्या दमट हवेत ते ओल धरतात, कसर लागते, धुवायला कोणी मिळत नाही, आणि पाच बाय आठ फुटाचा सहज दहा-पंधरा किलो भरतो. आपल्याकडच्या किनारपट्टीच्या घरासाठी मी कायम सपाट विणीचा, म्हणजे हंबेल किंवा किलीम घ्यायला सांगते. दरीसारखा झटकता येतो, घडी होते, वजन कमी, आणि भिंतीवरही लावता येतो. वाळवंटाच्या वाटेला ताझनाख्तची विण दिसेल, दुकानात नाव घेऊन मागा, केशरी-पिवळ्या रंगांचे तुकडे फार छान असतात.

पारख: गालिचा उलटा करा. हाताच्या गाठींचा असेल तर पुढचा नमुना मागेही स्पष्ट दिसतो, मागे कापड चिकटवलेलं असेल तर तो हाताचा नाही. कडेच्या दशा ताण्याच्याच पुढे आलेल्या असतात, वरून शिवलेल्या नसतात. एक धागा मागा आणि जाळून बघा, लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरडते, प्लास्टिकचा धागा वितळून कडक मणी होतो. चांगला दुकानदार स्वतःच लायटर काढतो. "ऐंशी वर्षं जुना" हे वाक्य ऐकलं की ते बाजूला ठेवून नुसती वस्तू बघा. नवे गालिचे उन्हात टाकून, चहाच्या पाण्यात बुडवून जुने दिसवतात. तुम्हाला तो नवा म्हणूनही त्या किमतीला आवडतो का, एवढंच स्वतःला विचारा. आणि "आम्ही घरपोच पाठवतो" म्हणाले तरी लहान तुकडा असेल तर स्वतःच आणा, ते इतका आवळून गठ्ठा बांधून देतात की तुम्ही थक्क व्हाल.

"कॅक्टस सिल्क" किंवा "सब्रा" म्हणून जे चमकदार स्कार्फ, उशांचे अभ्रे मिळतात ते बहुतेक व्हिस्कोसचे, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या धाग्याचे असतात. धागा जाळला तर कागदासारखा जळतो. रंग सुंदर, हातमागावर विणलेलेही असतात, बहिणीला अभ्रे खुशाल घ्या, पण रेशमाचा भाव देऊ नका.

आर्गन तेलाबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय. आर्गनचं झाड मोरोक्कोच्या नैर्ऋत्य भागातलं, एसाविरा-अगादीरच्या पट्ट्यातलं, त्या जंगलाला युनेस्कोने १९९८ मध्ये राखीव जीवावरण क्षेत्र म्हणून मान्यता दिली आहे. मराकेशहून एसाविराला एक दिवस काढता आला तर जाऊन या, वाटेत बायकांच्या सहकारी संस्था आहेत, तिथे त्या दगडावर दगड आपटून आर्गनच्या बियांचं कवच फोडतात. पण सहकारी असा बोर्ड लावलेली साधी दुकानंही तितकीच आहेत, समोर दोन बायका बसवलेल्या आणि मागे काउंटर. तेव्हा बोर्डापेक्षा बाटली बघा, संस्थेचं नाव, पत्ता, मुदतीची तारीख, गडद काच. तेल दोन प्रकारचं. खायचं भाजलेल्या गरांचं, तपकिरी, खमंग वासाचं. अंगा-केसांना लावायचं न भाजलेल्या गरांचं, फिकट, वास अगदी मंद. गुलाबाचा किंवा अत्तरासारखा वास आला तर त्यात काहीतरी मिसळलंय. रस्त्यावर प्लास्टिकच्या बाटलीत स्वस्तात मिळतं ते घेऊच नका. बाटल्या चेक-इनमध्येच, झाकणावर सेलोटेप आणि बाहेरून दोन पिशव्या. केबिनमध्ये १०० मिलीच्या वरची बाटली तुमच्या आखाती ट्रान्झिटला काढून घेतील.

ऑफिसच्या मंडळींसाठी बेल्दी साबण म्हणजे ऑलिव्हचा तो काळपट मऊ साबण, घासायचा केसा हातमोजा, किंवा अंगा-केसांना लावायची रसूल माती, यातलं एखादं. हे तिथले लोक हमामात दर आठवड्याला वापरतात, खरी रोजची वस्तू आहे, आणि एकेकाला शंभर-दोनशे रुपयांत बसते. साबण डबीत भरून घ्या, सुटा नको. वीस-पंचवीस दिरहमच्या छोट्या वाट्याही चालतील पण फुटण्याचा हिशोब तुम्ही करा. एक दिरहम साधारण नऊ-दहा रुपये धरा.

मसाल्यांत आपल्याला नवीन फार काही नाही. रास एल हानूत मिश्रण एक पाकीट आणा, कुसकुससोबत, म्हणजे रव्याच्या बारीक दाण्यांच्या तिथल्या पदार्थासोबत, छान लागतं. केशर तालिवीन गावचं उत्तम असतं, पण मराकेशच्या चौकात स्वस्तात मिळणारं बऱ्याचदा करडईच्या पाकळ्यांचं असतं, आपल्या सोलापूरकडच्या माणसाला तर नुसतं बघूनच ओळखता येईल. कोमट पाण्यात टाका, खरा तंतू लालच राहतो आणि पाणी हळूहळू पिवळं होतं, भेसळीचा रंग झटकन सुटतो. वासाचे पांढरे खडे नाकाशी धरून थक्क करतात ते मेन्थॉल आहे, आपल्याकडे अमृतधारेत घालतो तेच पुदिन्याचं फूल. लाकडी डबीतला सुरमा लहान बाळासाठी अजिबात आणू नका, त्यात शिसं असू शकतं.

आणि काही गोष्टी सरळ टाळा. कासवं, सरडे, कातडी, शिंगं, मसाल्याच्या चौकात हे विकायला असतं पण ते वन्यजीव कायद्यात अडकतं. वाळवंटाजवळच्या एरफूद गावात जीवाश्म मिळतात, ट्रायलोबाइट (किड्यासारखा दिसणारा प्राचीन समुद्री जीव) राळेत ओतून केलेले भरपूर आहेत, बारीक हवेचे बुडबुडे दिसले तर नकली. खरे असले तर बाहेर न्यायला परवानगीचा प्रश्न येतो, म्हणून मी त्या वाटेला जात नाही. चांदी म्हणून विकतात ते खमसाचे पंजे, बांगड्या बऱ्याचदा साधा मिश्रधातू असतात. ९२५ चा शिक्का आणि वजनकाटा दोन्ही दाखवले तरच चांदीचा भाव द्या, नाहीतर दिसायला आवडलं म्हणून दागिन्याच्या हौसेने घ्या.

घासाघीस. "निम्म्याने मागा" हा नियम मला पटत नाही, कारण सुरुवातीचा आकडा कोणी दुप्पट सांगतो, कोणी पाचपट, आणि काही कारागीर खरोखर रास्तच सांगतात. त्यापेक्षा फेस किंवा मराकेशला पोचल्यावर आधी एन्सांब्ल आर्टिझानालमध्ये, म्हणजे सरकारी हस्तकला केंद्रात जा, तिथे भाव ठरलेले असतात. काही घेतलं नाही तरी चालेल, पण आकडे फोनमध्ये टिपून ठेवा, मग बाजारात तुमच्या हातात मोजपट्टी असेल. वस्तूची तुमच्या मनातली किंमत आधी ठरवा, हसत सांगा, जमलं नाही तर "ला, शुक्रान" म्हणून चालू लागा. तुम्ही सांगितलेला भाव त्याने मान्य केला की मात्र घ्यायचीच, तिथे मागे फिरणं फार अपमानाचं मानतात. आणि जो माणूस तुमच्यासमोर बसून बनवतोय त्याच्याशी शेवटच्या दहा दिरहमसाठी ताणू नका. भारतीय म्हटल्यावर शाहरुख, अमिताभची नावं घेऊन बोलावतील, मनापासूनच बोलावतात, हिंदी सिनेमा तिथे घराघरात बघितलाय. शुक्रवारी दुपारी नमाजामुळे मदिनातली बरीच दुकानं बंद असतात, तो दिवस खरेदीत धरू नका.

तुमच्या बजेटमध्ये मी असं करेन: निम्मे पैसे घरासाठीच्या किलीमला, सेफारीनमधून एक किटली, बहिणीला अभ्रे आणि आर्गनची छोटी बाटली, ऑफिसला साबण, आणि उरलेले तुम्हा दोघांना जे मनापासून आवडेल त्याला. दिरहम आपल्याकडे बदलून मिळत नाहीत, म्हणून शेवटच्या दिवशी थोडेच ठेवा. कस्टमची ड्यूटी-फ्री मर्यादा निघण्याआधी एकदा त्यांच्या साइटवर बघून घ्या आणि किलीमची पावती हातातल्या बॅगेत ठेवा.

सासूबाईंसाठी बाबूश घ्यायचं ठरलं तर निघण्याआधी त्यांचं पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलने आकार काढून न्या. तिथे युरोपियन नंबर असतात आणि हाताने शिवलेल्यात एकाच नंबराच्या दोन जोड्यांतही फरक पडतो. कागद सपातेच्या तळव्याला लावून बघा आणि थोडी घट्टच घ्या, बकरीचं चामडं आठवडाभरात सैल पडतं.